‘आजही लागू असलेले अजब कायदे’: या फॉरवर्डमधलं खरं किती?

वरणफळ (धागाकर्ती)

‘भारतातले अजब कायदे, आजही लागू!’ असा फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. त्यातले दावे थोडक्यात असे:

१. १८६७ च्या सराय कायद्याप्रमाणे कुठल्याही हॉटेलात, अगदी पंचतारांकितसुद्धा, पाणी आणि संडास फुकट वापरता येतो.
२. पतंग उडवायला विमानासारखं लायसन लागतं.
३. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर ते सरकारजमा.
४. महाराष्ट्रात घरी बसून दारू प्यायलाही परमिट लागतं.
५. पत्र पोचवायचा हक्क फक्त पोस्टाचा, कुरिअर बेकायदा.
६. गोव्यात हिंदू पुरुषाला मूलबाळ नसेल तर दुसरं लग्न करता येतं.
७. फेसबुकवर आक्षेपार्ह लिहिलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लागतं.

यातलं काय खरं, काय अर्धवट आणि काय मेलेलं? आणि असा दावा आला की तो आपला आपण तपासायचा कसा, तेही सांगा. ‘वकिलाला विचारा’ हे उत्तर नको, तेवढं कळतं.

---

कलमकसाई

आधी सराय, कारण हा दावा सगळ्यात जास्त चालतो आणि सगळ्यात जास्त चुकीचा आहे.

कायदा खरा आहे. १८६७ चा अधिनियम क्रमांक २२. ‘सराय’ म्हणजे प्रवाशांच्या निवाऱ्याची इमारत. सराय चालवणाऱ्याची कामं कलम ७ मध्ये दिली आहेत. कोणाला साथीचा रोग झाला तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं. मॅजिस्ट्रेटच्या माणसाला आत येऊन पाहू द्यायचं. खोल्या, व्हरांडे, गटारं आणि विहिरी साफ ठेवायच्या. चोराला आत उतरायला किंवा पळायला उपयोगी पडतील अशा झाडांच्या फांद्या तोडायच्या. भिंती, कुंपण, दरवाजे दुरुस्त ठेवायचे, रखवालदार नेमायचा आणि दरपत्रक लावायचं. वाटसरूला फुकट पाणी किंवा संडास द्यायचा असं त्यात कुठेही नाही. उलट दरपत्रक लावा म्हणजे पैसे घ्या, हे कायद्यानेच गृहीत धरलंय. मोडल्यास दंड २० रुपये, आणि चूक चालूच ठेवली तर पुढे रोज १ रुपया.

मग हा कायदा अजून मेला का नाही? २०१४ नंतर केंद्राने दीड हजाराच्या आसपास जुने कायदे मोडीत काढले, तरी हा राहिला. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची नोंद ३१ पाहा: ‘खानावळी आणि खानावळवाले’ अशा अर्थाचा विषय, म्हणजे राज्यांचा. विषय राज्याचा असला की १८६७ चा कायदा रद्द करणं हे त्या त्या विधानसभेचं काम होतं. उत्तर प्रदेशात तर हॉटेलं आणि गेस्ट हाउस यांची नोंदणी याच कायद्याखाली होत आलीय. तिथे तो नुसता जिवंत नाही, कामाला जुंपलेला आहे. फक्त काम वेगळं.

हॉटेलात जाऊन काउंटरवर ‘सराय कायदा’ म्हणून आवाज चढवला तर मॅनेजर बहुतेक वेळा पाणी देतो. ते कायद्यामुळे नव्हे, बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर वाद नको म्हणून.

---

वरणफळ

छान. पण मग हॉटेलात पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त लावतात ते तरी बेकायदा ना?

---

कलमकसाई

नाही. तीही एक पक्की समजूत. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बसून खायच्या हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बाटली ही निव्वळ विक्री नसते, सेवा आणि वस्तू एकत्र असतात. म्हणून वजनमापाच्या कायद्याखाली जास्त दर लावल्याचा खटला तिथे टिकत नाही. हे दुकानाला, टपरीला आणि रेल्वे स्टॉलला लागू नाही. तिथे छापील किमतीवर एक रुपया जास्त घेतला तरी वैध मापन विभागाकडे तक्रार करता येते. तक्रारीला बिल लागतं. बिल न घेता केलेली तक्रार पुढे सरकत नाही.

---

पेणचा_पतंग

क्र. २ आणि ५ माझ्याकडे.

पतंग: १९३४ च्या विमान कायद्यात ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येत फुगे, हवाई जहाजं, ग्लायडर यांच्या रांगेत पतंगही आहे, ही गोष्ट खरी. फॉरवर्डवाल्याला हे कळलेलं दिसत नाही की तो कायदा गेला. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू आहे. गंमत म्हणजे नव्या व्याख्येतही पतंग आहेच, जुनी व्याख्या उचलून तशीच ठेवलीय. पण व्याख्येत नाव आलं म्हणून गच्चीवर ढील देणाऱ्या पोराला कोणी लायसन विचारत नाही. व्याख्या रुंद ठेवण्याचा फायदा एवढाच की माणसांना किंवा मालमत्तेला धोका होईल अशा रीतीने काहीही उडवणारा तिच्या जाळ्यात येतो.

संक्रांतीला खरी अडचण येते ती मांज्याची. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन आणि कृत्रिम धाग्याच्या मांज्यावर देशभर बंदी घातली. आता यातला जुनेपणा बघा. दुकानांबाहेर लागणाऱ्या फलकांवर अजून ‘पर्यावरण कायदा कलम १५, पाच वर्षं कैद’ असं लिहिलेलं असतं. जनविश्वास कायद्याने ते कलम बदललं. १ एप्रिल २०२४ पासून तिथे कैदेच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतची शास्ती आहे. पोलिसांच्या मनाई आदेशाचा भंग केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ वेगळं लागतं (पूर्वीचं १८८).

आणि हो, ‘शहरात १४४ लागलं’ हे वाक्य १ जुलै २०२४ पासून कायद्याच्या भाषेत चूक आहे. तो अधिकार आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये आहे. अधिकार तोच, आकडा बदलला. चारसोबीसचंही तेच, ते कलम ३१८ मध्ये गेलं. शिवी मात्र तीच राहणार.

पोस्ट: १८९८ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये पत्रं नेण्याचा एकाधिकार खरंच होता. म्हणून कुरिअरच्या पावतीवर कधी ‘पत्र’ लिहीत नसत, ‘डॉक्युमेंट’ लिहीत. तो कायदा संपला. पोस्ट ऑफिस अधिनियम, २०२३ हा १८ जून २०२४ पासून लागू झाला आणि त्यात पत्रांचा एकाधिकार नाही. एकाधिकार उरलाय तो टपाल तिकिटं काढण्याचा.

---

तांबट_आळी

क्र. ३ जिवंत आहे, पण फॉरवर्डमध्ये निष्कर्ष उलटा काढलाय.

कायदा १८७८ चा. सरकारी मराठीत ‘निखात निधी’, आपल्या भाषेत गुप्तधन. हाही राज्यसूचीतला विषय, नोंद ४४, म्हणून सराय कायद्यासारखाच शाबूत. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही (म्हणजे वाड्याच्या भिंतीतही) दडवलेलं, १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की लागू. आज दहा रुपयांत चहासुद्धा धड मिळत नाही, म्हणून तो आकडा हास्यास्पद वाटतो. पण १८७८ चे दहा रुपये म्हणजे प्रत्येकी ११.६६ ग्रॅमचे दहा चांदीचे रुपये, जवळजवळ ११७ ग्रॅमचा ऐवज. आकडा कोणी बदललाच नाही, त्यामुळे आता एखादं तांब्याचं नाणंही त्यात येतं.

पुढचा क्रम असा. सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय सापडलं, किती, कुठे, कोणत्या तारखेला. ऐवज जवळच्या कोषागारात जमा करायचा किंवा मागतील तेव्हा हजर करण्याचा जामीन द्यायचा. जिल्हाधिकारी अधिसूचना काढतो आणि हक्क सांगणाऱ्यांना तारीख देतो. ती तारीख अधिसूचनेपासून ४ महिन्यांच्या आत नसते आणि ६ महिन्यांच्या पलीकडेही नसते. गेल्या शंभर वर्षांत कोणी पुरलं आणि त्याचा वारस समोर आला तर प्रकरण दिवाणी कोर्टात जाऊ शकतं. कोणीच आलं नाही तर ऐवज बेवारस जाहीर होतो, आणि इथेच फॉरवर्ड खोटं ठरतं: तो सापडणाऱ्याला मिळतो. जागेच्या मालकाने हक्क सांगितला आणि त्यावर वाद नसला, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा, एक चतुर्थांश जागामालकाचा. सरकारला तो ठेवून घ्यायचा असेल तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश मोजावा लागतो. १ लाखाची चांदी असेल तर १ लाख २० हजार. नाण्यांची संग्राहकांच्या बाजारातली किंमत यात धरत नाहीत, हे मात्र या कायद्याचं खरं दुखणं.

कळवलं नाही तर वाटा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जागामालकाने लपवालपवीत मदत केली तर त्याला सहा महिन्यांपर्यंत.

चुका कुठे होतात ते सांगतो. पाया खणताना हंडा निघाला की मजूर, जेसीबीवाला, ठेकेदार आणि मालक आपसात वाटणी करतात. मग कोणीतरी सोनाराकडे जातं, पोलीस येतात आणि सगळेच आरोपी होतात. ‘सापडणारा कोण’ हा वादही तिथेच सुरू होतो, म्हणून पहिल्याच अर्जात कोणाच्या हाताने, किती वाजता, किती खोलीवर निघालं ते लिहा आणि तहसील कार्यालयाचा आवक शिक्का घ्या. दुसरी चूक म्हणजे नाणी घासणं. चिंच, रांगोळी, पितांबरी काहीही लावू नका. एकमेकांना चिकटलेली नाणी सुटी करू नका. मडकं फुटलं असेल तर खापऱ्याही ठेवा, काळ ठरवायला त्या लागतात.

आणि गुप्तधन शोधून देतो म्हणणारा मांत्रिक दारात आला तर त्याला १८७८ चा कायदा लागत नाही, २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधाच्या नावाखाली केलेली करणी-भानामती स्पष्ट लिहिलेली आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं.

---

सोडा_मारके

क्र. ४: लागू. पूर्ण लागू. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, हल्ली नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. राज्यात कायद्याने मूळ स्थिती दारूबंदीची आहे आणि पिणं हा परवान्याने मिळालेला अपवाद. ‘बिअर बार अँड परमिट रूम’ ही पाटी तुम्ही रोज वाचता, त्यातलं परमिट हेच. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातला काही भाग (औषधी आणि प्रसाधनाच्या, अल्कोहोल असलेल्या वस्तूंबद्दलचा) उडवला, बाकीचा सांगाडा टिकला.

एक दिवसाचं परमिट देशीसाठी २ रुपये, विदेशीसाठी ५ रुपये. वर्षाचं १०० आणि तहहयात १०००. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, ऑनलाइनही होतो. अर्जातलं कारण वाचून हसू येतं: प्रकृती राखण्यासाठी दारू हवी अशा अर्थाचं आहे ते. वय बिअर आणि वाइनसाठी २१, कडक दारूसाठी २५. परमिटवर महिन्याला १२ युनिटची मर्यादा.

प्रत्यक्षात दुकानदार बहुतेक वेळा एकदिवसीय परमिटाची पावती स्वतःच फाडून हिशेबात घालतो, गिऱ्हाइकाला पत्ताही नसतो. म्हणून हा कायदा मेला असं वाटतं. तो उठतो तेव्हा फार्महाउसवर धाड पडलेली असते.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते गोव्याहून येताना. गोव्याची बाटली महाराष्ट्रात आणणं म्हणजे या राज्याचं शुल्क न भरलेली दारू आयात करणं, कलम ६५. खिशात तहहयात परमिट असलं तरी ते पिण्याचं आणि बाळगण्याचं आहे, शुल्क चुकवण्याचं नाही.

---

मांडवीकाठ

गोव्याचा विषय निघालाच आहे तर क्र. ६ घेतो, कारण यात दोन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय.

गोव्यात जो नागरी कायदा चालतो त्याचं मूळ पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता. (सराय कायद्याचंच वर्ष, योगायोग.) गोव्यात ती १८७० पासून आली. पोर्तुगालने स्वतः १९६६ मध्ये नवी संहिता केली, पण तोवर गोवा मुक्त होऊन पाच वर्षं झाली होती आणि १९६२ च्या कायद्याने इथले जुने कायदे चालू ठेवले होते. म्हणजे मूळ देशात मोडीत निघालेला कायदा पणजीच्या कोर्टात चालला. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या २०१२ च्या कायद्यात आहे, तो डिसेंबर २०१६ पासून लागू झाला.

दुसऱ्या लग्नाची गोष्ट संहितेतली नाही. हिंदूंच्या रूढींबद्दलचा १८८० चा एक फर्मान आहे, त्यात पत्नीला २५ व्या वर्षापर्यंत मूल नसेल किंवा ३० व्या वर्षापर्यंत मुलगा नसेल तर अशी सूट लिहिलेली आहे. कागदावर वाचायला मिळते. पण १९१० नंतर लग्न म्हणजे नागरी नोंदणी, आणि पहिली नोंद उभी असताना दुसरी होत नाही. फॉरवर्ड वाचून कोणी विचार करत असेल तर थांबा, द्विभार्येचा गुन्हा तुमची वाट पाहतोय.

खरी गोची दुसरीकडे आहे. इथे लग्नाच्या नोंदणीत दोन सह्या असतात. पहिली सही म्हणजे इच्छेची घोषणा. मग नोटीस लागते, हरकतींची मुदत जाते आणि त्यानंतर दुसरी सही. बाहेरून आलेली जोडपी पहिली सही करून मंगलाष्टकं उरकतात आणि समजतात झालं. दुसरी सही झाली नसेल तर कायद्याने लग्न झालेलं नाही. दुसरं, वेगळा करार लग्नाआधी केला नसेल तर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी होते. करार लग्नानंतर करतो म्हणून चालत नाही.

मुंबईत फ्लॅट असलेल्या गोवेकरांसाठी: २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की गोव्याचा रहिवासी असलेल्याच्या गोव्याबाहेरच्या भारतातल्या मालमत्तेलाही गोव्याचाच वारसा कायदा लागतो. त्यामुळे मुलांना पूर्ण डावलून गिरगावातली खोली भलत्याच्या नावे मृत्युपत्राने करता येईल असं समजू नका.

---

दप्तरदिरंगाई

राहिलं क्र. ७ आणि तपासायची रीत.

६६अ हा वेगळ्या जातीचा मुडदा. २०१२ मध्ये पालघरच्या फेसबुक पोस्टवरून झालेल्या अटकेनंतर ते कलम गाजलं आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. तरी पोलीस ठाण्यांत ते लावणं चालूच राहिलं, इतकं की ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सगळ्या राज्यांना बजावावं लागलं. असं का होतं? न्यायालय कलम उडवतं तेव्हा छापील मजकूर आपोआप पुसला जात नाही. संसद तो काढेपर्यंत कायद्याच्या प्रतीत कलम तसंच दिसतं, खाली बारीक अक्षरात तळटीप. ज्याने तळटीप वाचली नाही त्याच्या लेखी कलम जिवंत. एफआयआरमध्ये आजही ६६अ दिसलं तर निकालाची प्रत जोडून वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि ते कलम वगळून मागा. पण बाकीची कलमं उरतात, पूर्ण एफआयआर त्याने पडत नाही.

आता तपासणी. कायद्याचं नाव, वर्ष आणि क्रमांक फॉरवर्डमध्ये नसेल तर तिथेच सोडून द्या. असेल तर ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर शोधा. मुंबई राज्याच्या काळातला कायदा असेल तर ‘मुंबई’ऐवजी ‘महाराष्ट्र’ घालूनही शोधा, कारण अशा बऱ्याच कायद्यांची नावं एका झटक्यात बदलली. उघडल्यावर पहिल्या कलमातला ‘विस्तार’ वाचा, कधी कधी तो कायदा तुमच्या राज्यात आलेलाच नसतो. मग दाव्यातलं कलम शब्दशः वाचा, बातमीतलं नव्हे. सरायची अफवा याच पायरीवर मरते. मग तळटिपा. शेवटी, राष्ट्रपतींची संमती झाली म्हणजे लागू झाला असं नाही, अंमलाची तारीख राजपत्रातल्या वेगळ्या अधिसूचनेत येते.

एक सापळा: कायदा रद्द झाला म्हणून जुने खटले रद्द होत नाहीत. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं कलम ६ त्यासाठीच आहे. ३० जून २०२४ च्या रात्री केलेल्या गुन्ह्याला आजही जुनं भारतीय दंड विधानच (भादंवि) लागतं.

---

तिसरी_घंटा

यादीत नसलेलं एक टाकतो. महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करण्याआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. पाया महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३३. २०१६ मध्ये याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. हौशी मंडळं हे विसरतात आणि ऐन वेळी नाट्यगृहाचा व्यवस्थापक प्रमाणपत्र मागतो. तालमी सुरू होतानाच संहिता द्या. नंतर संवाद बदलले तर बदललेली पानं पुन्हा दाखवावी लागतात.

---

वरणफळ

सगळ्यांना धन्यवाद, एवढं अपेक्षित नव्हतं. तांबट_आळी, एक शेवटचं: जुना वाडा पाडताना भिंतीतल्या कोनाड्यात आजोबांनी ठेवलेले राणीछाप रुपये निघाले आणि घर आपलंच असेल, तरी कळवायचं?

---

तांबट_आळी

हो. कळवल्याने हक्क जात नाही, न कळवल्याने जातो. आजोबांनी ठेवले म्हणजे शंभर वर्षांच्या आतले आणि वारस तुम्हीच. अर्जासोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, वारस नोंद आणि कोनाड्याचे पाडण्याआधीचे फोटो जोडा. चुलत भावंडं असतील तर त्यांची नावं अर्जात स्वतःहून लिहा. ती अधिसूचना वाचून नंतर उगवली तर प्रकरण कोर्टात लांबतं आणि तोवर नाणी कोषागारातच पडून राहतात.

---

वरणफळ

भावंडं अकरा आहेत. कोनाडा न पाडलेलाच बरा.

---

सोडा_मारके

अकरा जणांत तीन चतुर्थांश वाटायला निदान एक दिवसाचं परमिट काढून बसा.